सातव्या प्रश्नापुढची खूण

पुण्याहून फोन आला तेव्हा मी एका आजींना हिअरिंग एडचा सेल बदलायला शिकवत होते.

"मॅडम, तुमच्या कोल्हापूरच्या व्हॉलंटियरबद्दल बोलायचंय. दिनकर कांबळे," पलीकडून रिसर्चवाले डॉक्टर म्हणाले. "खरं तर मी हा फोन करायला नको."

गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. मी ऑडिओलॉजिस्ट. म्हणजे कानाचा डॉक्टर नव्हे. किती ऐकू येतं ते मशीनवर मोजणारी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका ईएनटी सर्जनच्या क्लिनिकमध्ये नोकरीला होते.

दिनकर कांबळे कसबा बावड्याचे. फाउंड्रीत फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या लोखंडी पार्टच्या कडा ग्राइंडरनं घासायच्या. वीस-बावीस वर्षं तेच काम. त्यांच्या डाव्या कानात सतत आवाज यायचा. बाहेर काही नसताना येणाऱ्या अशा आवाजाला टिनिटस म्हणतात.

"शिट्टी वाजतीया बघा मॅडम, कुकर उतरवायचा ऱ्हायल्यागत," ते म्हणाले होते. "पोरगी बोलाय लागली तरी तिच्यावरच वराडतोय मी."

मी ऑडिओग्राम काढला. ऐकण्याचा आलेख. उजवा कान थोडा उतरलेला, डावा फारच. मी विचारलं, "ग्राइंडर कुठल्या बाजूला धरता?"

"डावीकडं."

मला कारण सापडलं. मी फाइलवर 'आवाजामुळे' असं लिहिलं. सर्जननी, म्हणजे आमच्या सरांनी, सही केली.

काही महिन्यांनी पुण्याच्या एका टीमला टिनिटसचे व्हॉलंटियर हवे होते. कान काम करेनासा झाला की मेंदू स्वतःच आवाज तयार करतो का, हे एमआरआयवर बघायचं होतं. मी कांबळ्यांना विचारलं. "यात उपचार नाहीत हं. तुम्हाला काही फायदा नाही," हेही सांगितलं.

"माजा न्हाय झाला तर दुसऱ्याचा हुईल की," ते म्हणाले. पण डोळ्यांत आशा होती. ती मला दिसली आणि मी पुढं गेले.

फॉर्म इंग्रजीत होता. मी मराठीत वाचत गेले, ते सांगतील तशी खूण करत गेले. बाहेर पाच पेशंट बसले होते. सातवा प्रश्न: तपासणीत अनपेक्षित काही दिसलं तर कळवावं का?

"आनि काय दिसायचं हाय? न्हाय लिवा. घरात कळलं तर शालन जेवायची न्हाय." शालन म्हणजे त्यांची बायको.

मी 'नाही'वर खूण केली. एका मिनिटात.

आता फोनवर डॉक्टर सांगत होते, "डाव्या कानाच्या नसेवर गाठ आहे. बोराएवढी. कॅन्सर वाटत नाही, पण मेंदूकडे सरकतेय. फॉर्मवर 'कळवू नका' आहे. तरी कळवायचं का, हे ठरवायला आमची कमिटी पुढच्या महिन्यात बसेल."

मी सरांकडे गेले.

"त्यानं स्वतः 'नको' सांगितलंय," सर म्हणाले. "सही आहे. आपण मध्ये पडायचं नाही."

"सर, त्यांचा ऑडिओग्राम आपल्या फाइलला आहे. दोन कानांत एवढा फरक, आवाज एकाच कानात. आपणच तेव्हा एमआरआय सांगायला हवा होता."

सरांनी फाइल उघडली. बराच वेळ आलेख बघितला. मग स्वतःची सही बघितली.

"बोलवा त्यांना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कांबळे ड्युटी सोडून आले, बरोबर शालनवहिनी. पुन्हा तपासणी करायची आहे असं सांगून एमआरआय करवता आला असता. मी रात्रभर तसाच बेत करत होते. पण त्यांना समोर बघून जमेना. मी सगळं सांगितलं. गाठीचं, फॉर्मचं, आणि माझ्या हातून राहिलं त्याचं.

"म्हंजे तुमाला तवाच दिसाय पायजे हुतं?" कांबळ्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुमी काय म्हनालासा? ग्राइंडरमुळं. व्हय का न्हाय?"

"हो. चुकलं माझं."

ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बायकोकडं बघितलं. "चल," म्हणाले.

महिन्याभरात पुण्यात ऑपरेशन झालं. गाठ निघाली. जीव वाचला. डावा कान कायमचा गेला. चेहऱ्याची नस त्या गाठीला चिकटलेली होती; तिलाही धक्का बसला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं, डावा डोळा मिटेना. फाउंड्रीतल्या धुळीत तो डोळा चालणार नव्हता. काम सुटलं.

तीन महिन्यांनी ते उजव्या कानाच्या तपासणीला आले.

"आवाज?" मी विचारलं.

"हाय की. वाडलाय." शब्द ओठांच्या एका बाजूनं येत होते. "कान न्हाय ऱ्हायला, ह्यो ऱ्हायला."

कानाची नस गेली तरी आवाज राहतो, हे त्या रिसर्चवाल्यांना हवं होतं तेच उत्तर. त्यांनी कांबळ्यांना पुन्हा बोलावलं. ते गेले नाहीत.

निघताना शालनवहिनी दारात थांबल्या. "मॅडम, पयल्यांदाच कळलं असतं तर तोंड सरळ ऱ्हायलं असतं काय?"

"कदाचित," मी म्हणाले. "गाठ लहान असताना नस वाचायची शक्यता जास्त असते."

त्यांनी मान हलवली आणि नवऱ्याच्या उजव्या बाजूला जाऊन चालायला लागल्या.

दोन कानांचे आलेख असे वेगळे दिसले, तर आता मी पेशंटच्या कामाची चौकशी करून समाधान मानत नाही. एमआरआयसाठी सरांकडे पाठवते. बहुतेकांचा नॉर्मल येतो. मग ते माझ्यावर चिडतात, पुन्हा येत नाहीत. चालतं.