दिनकरच्या मूत्रपिंडांविषयी जाहीर विचारणा

३ डिसेंबर १९५६. माझा भाचा दिनकर याची मूत्रपिंडे निर्दोष असल्याचे जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी लेखी दिले. जबाबदार : तेच अधिकारी.

२१ जानेवारी १९५७. नागपूरच्या रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले नाही. राज्यांच्या फेररचनेत १ नोव्हेंबरपासून आमचे सौंसर मध्य प्रदेशात आणि नागपूर मुंबई राज्यात, सबब छिंदवाड्याचे शिफारसपत्र हवे. जबाबदार : तिथला नोंदणी लेखनिक आणि त्याला आदेश देणारे.

९ फेब्रुवारी. निदान झाले. दोन्ही मूत्रपिंडे निम्म्याहून अधिक निकामी.

दिनकर लोधीखेड्याच्या शाळेत शिक्षक होता. त्याला मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक रोग. माझा धाकटा भाऊ त्यानेच गेला. दोन वर्षांपासून दिनकरला उभे राहता येत नाही. तो व त्याची आई, म्हणजे माझी बहीण, माझ्याकडेच राहतात.

दिवाळीनंतर त्याच्या चेहऱ्यावर सूज आली, अन्न नकोसे झाले. छिंदवाड्यास, जिल्ह्याच्या रुग्णालयात, रक्तातील क्रिएटिनिन तपासले. स्नायूंतून निघणारा आणि मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा हा पदार्थ; ती बिघडली की तो रक्तात साचून आकडा चढतो. आकडा सर्वसामान्य आला आणि आम्हाला परत पाठवण्यात आले.

शिफारसपत्रासाठी मी पाच अर्ज केले, तेव्हा ते मिळाले. दिनकर पडल्या पडल्या म्हणे, "मामाजी, माह्या अंगात काहीच चालत नाही, तुमचे अर्ज तेवढे चालून राहिले."

नागपूरच्या डॉक्टरांनी जुना अहवाल वाचून बाजूला ठेवला. "याच्या अंगात स्नायूच थोडे. क्रिएटिनिन तयारच कमी होते. निरोग्याचा आकडा याच्यात आला, तेव्हाच काळजी करायला हवी होती." चोवीस तासांची लघवी साठवून तपासली. मूतखडेही निघाले.

मग त्यांनी विचारले, "पाणी किती पितो?"

मी उत्तर जुळवत होतो. दिनकरच बोलला. "चार वाजेपर्यंत दोन गिलास. मंग बंद. मामाजीनं भितीवर नियम लिहून लावला हाये."

नियम माझाच होता. संडास अंगणाच्या टोकाला, उचलणारे आम्ही दोघे, माझी कंबर गेलेली. पाणी कमी केले की उचलणे कमी. मी कलमवार लिहिले, खाली सही केली. त्याने एकदाही तक्रार केली नाही. घरी येताच बहिणीने तो कागद फाडला. "दादा, आता भांडं खाटेपाशीच ठेवू," एवढेच ती म्हणाली. हे दोन वर्षांपूर्वीही करता आले असते.

दिनकर आज आहे. किती दिवस, हे डॉक्टर सांगत नाहीत. ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी त्याचे पाणी तोडू नये, आणि एका आकड्यावर विसंबून परतू नये.

जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यांस माझी विचारणा अशी : झिजलेल्या स्नायूंच्या रुग्णास निरोग्याचा आकडा लावणे आपण थांबवले आहे काय? खासगी पत्र मी स्वीकारणार नाही. उत्तर याच वृत्तपत्रात, आपल्या नावानिशी, दिनकरला वाचता येईल अशा मुदतीत द्यावे.