आउटलायर
मार्करच्या शाईचा वास आला की जालन्याच्या कॉलेजातला संख्याशास्त्राचा एक तास आठवतो. सरांनी आम्हा मुलींच्या उंचीचे आकडे मार्करनं पांढऱ्या फळ्यावर मांडून सरासरी काढली आणि मला, वर्गातल्या सगळ्यात ठेंगण्या मुलीला, टेबलावर चढवलं. "हिच्यामुळं सरासरी घसरली. बाकीच्यांपासून इतक्या दूर पडलेल्या आकड्याला आउटलायर म्हणतात. काढून टाकला की समदं बराबर!" असं म्हणत त्यांनी माझा आकडा पुसला. वर्ग खदखदून हसला. "सर, उतरू का?" मी विचारलं. "मार उडी, आम्ही बघून राह्यलो." मी उडी मारली, पाय मुरगळला, तरी हसणं थांबलं नाही. त्यानंतर कॉलेजात मला नावानं कुणी हाक मारलीच नाही. आजही मस्तगडच्या बाजारात भाजी घेताना एखादी जुनी मैत्रीण "ए आउटलायर!" म्हणून ओरडते, आणि मी ओ देते.