तीन वाक्यांसाठी काढलेली मिशी

माझा थोरला भाऊ मुंबईत नट होता. पोस्टमन, हवालदार, वकिलाचा कारकून, गर्दीतला गावकरी, असली कामं त्याने जन्मभर केली. पुढे मुंबईत टेलिव्हिजन आला, तेव्हा तिथल्या नाटुकल्यांतही तो असायचा. आमच्या बीबी गावाकडे टेलिव्हिजन नव्हताच, त्यामुळे ती कामं आम्ही त्याच्या पत्रांतूनच पाहिली. लोक मला म्हणायचे, तुम्ही घरातले पहिले बी.ए. आणि भाऊ मॅट्रिक नापास, सिनेमात. मी सांगायचो, मला बी.ए. व्हायला चार वर्षं लागली, त्याला पडद्यावर तोंड उघडायला सात. मेहनत दोघांचीही आहे.

सात वर्षांनी त्याला बोलायचं काम मिळालं ते देवळातल्या पुजाऱ्याचं. वाक्यं तीन. त्यासाठी डोक्याचा चकोट करून मिशी उतरवायला लावली. अर्धं काम झालं होतं, अर्धं बाकी होतं, आणि मध्येच बहिणीचं लग्न आलं. चार दिवस आधी तो जालन्याला रेल्वेतून उतरून एस.टी.ने घरी आला.

आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशीला वस्तरा लावत नाही. डोकं आणि मिशी दोन्ही उतरलेला माणूस दिसला, की याचा बाप गेला हे बघणारा समजून घेतो. वाटेत त्याला काही विचारतही नाही. मुंबईत राहून भाऊ हे विसरला होता. आल्या आल्या खुशीत मला म्हणाला, "देऊळगाव राजाच्या स्टँडवर नवरदेवाचे काका दिसले. मले पाह्यलं अन् मान खाली घालून बाजूले झाले. कोण्या तरी सिनेमात पाह्यलं असंन बे त्यायनं."

मी कपाळावर हात मारला.

बा गोठ्यातून आले, त्याच्याकडे पाहिलं आणि तसेच परत आत गेले. जेवताना आईला एवढंच म्हणाले, "त्याले इचार, मी कवा मेलो."

दुसऱ्या सकाळी नवरदेवाचे काका तीन म्हातारी माणसं घेऊन आले. खांद्यावर उपरणी. ओट्यावर माना खाली घालून बसले. अशा घरी आधी कोणी बोलत नाही, थोडा वेळ नुसतं बसायचं असतं. एवढ्यात बा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले.

"राम राम. कोण गेलं?"

चौघं एकमेकांकडे पाहू लागले. शेवटी काकांनी भावाच्या डोक्याकडे बोट केलं. "आमाले वाटलं, तुमी."

"मी हाव अजून. च्या घ्या."

चहा झाला, हसणंही झालं, पण काका मुद्द्यावर आले. लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. "असा चकोट माणूस मांडवात नवरदेवाच्या कानाले हात लावंन, हे आमाले चालणार नाही. धाकला हाय ना? त्याले उभं करा."

भाऊ म्हणाला, "माझ्यापाशी नकली मिशी हाय. वरून फेटा बांधतो."

"सोयऱ्यायच्या मांडवात सोंग?" काका म्हणाले.

भाऊ उठला आणि आत जाऊन पिशवी भरू लागला. मी त्याच्या मागे गेलो. "पोरीचं लग्न माह्यापायी बिघडायले नको," तो म्हणाला. "सांजच्या गाडीनं जातो." बहीण दाराआड उभी राहून ऐकत होती. त्याच्यावाचून मांडवात जायची नाही, असं तिने आईला सांगून टाकलं.

बांनी त्याला ओट्यावर बोलावलं. "किती बोलाचं हाय तुले त्या सिनेमात?"

"तीन वाक्यं."

"बोल."

भाऊ ओट्याच्या मधोमध आला. मग अंगरखा काढून खाली बसला, मांडी घातली. आवाज त्याचा राहिला नाही. एक बाई आजारी लेकराला घेऊन बंद देवळाशी आली आहे, असा तो प्रसंग होता. "देव झोपला नाही, बाई. दार मी लावलंय. माझी चूक पदरात घे आणि लेकराला आत आण."

काकांचे दोन्ही हात जोडलेले होते. ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नव्हतं. बांच्या आलं.

"पाव्हणे," बा म्हणाले, "हात कोणाले जोडले?"

काकांनी हात खाली घेतले. मग हसले. बराच वेळ मान हलवत राहिले. "नकली मिशी नको मात्र," म्हणाले. "हाय तसाच येऊ द्या."

लग्नाच्या दिवशी बा सकाळपासून त्याच्या बाजूला चालत होते. जो दिसेल त्याला आधी स्वतः राम राम घालायचे, म्हणजे कोणाच्या मनात शंका राहू नये. भावाने नवरदेवाचा कान पिळला. जोर जास्त झाला असावा, नवरदेव कळवळला. वऱ्हाडातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "हे कोण?"

"माझा थोरला," बा म्हणाले. "मुंबईत सिनेमात काम करते. पुजारी हाय सध्या."

तो सिनेमात आहे हे बांनी त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. नोकरीला आहे म्हणायचे.