दुहेरी रेघांचं मैदान

नाचियार्कोविलच्या फुटबॉल संघाचा खरा जोर पायांत नव्हता, हातांत होता, आणि तोही अगदी नियमात बसणारा. त्या गावात घरोघर पितळी समया होतात. दिवसभर तापल्या मुशी उचलणारे ते दंड! चेंडू कडेच्या रेघेबाहेर गेला आणि फेकायची पाळी त्यांची आली, की तो थेट आमच्या गोलपुढे येऊन पडायचा. म्हणून आमच्या कॅप्टननं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत भावानं, अण्णानं, सामन्याआधी मला बाजूला घेतलं.

"उजवी कड तुझी. आज तिथून एकदा जरी चेंडू बाहेर गेला, तर तुझी जागा माझ्या मेव्हण्याला."

मेव्हणा, म्हणजे वहिनीचा भाऊ, नवे कोरे बूट घालून झाडाखाली बसला होता आणि माझ्याकडे बघून गोड हसत होता. दोन वर्षं पाणी वाहून मिळवलेली माझी जागा त्या बुटांना देण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, मे महिन्यातली. आम्ही कुंभकोणमहून सायकली हाणत साक्कोट्टैला पोचलो, तर मैदानावर एकही रेघ नाही! आखायला ठेवलेला चुना कुणीतरी देवळाच्या भिंतीला फासून टाकला होता. मैदानाला लागूनच माझ्या आत्याचं घर. आत्या म्हणजे रांगोळीतली सम्राज्ञी. तांदळाचं पीठ आणि तीन शेजारणी घेऊन ती पदर खोचून उतरली आणि तासाभरात मैदान आखून मोकळी झाली. कोपऱ्यांवर कमळंसुद्धा काढली.

फक्त प्रत्येक रेघ दोनदा होती. शेजारी शेजारी, मध्ये वीतभर जागा.

"आत्या, एकच रेघ हवी होती गं!"

"एकेरी रेघ?" आत्या कडाडली. "कुणाचं श्राद्ध आहे का इथं? शुभकार्याला रांगोळी दुहेरीच असते!"

तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती होती? रेफ्री होते निवृत्त ड्रिलमास्तर. त्यांनी शिट्टी फुंकली आणि खेळ सुरू झाला.

पूर्वार्धात त्यांनी एक गोल केला. मग मी! माझा चेंडू घरंगळत त्यांच्या गोलमध्ये शिरला, पहिली रेघ ओलांडून गेला, आणि त्यांचा गोलकीपर त्याच्यावर पालथा पडला. मास्तरांनी गोल दिला. मी दोन्ही हात पसरून मैदानभर धावलो. मेव्हण्यासमोरून जरा सावकाश धावलो.

शेवटच्या मिनिटांत चेंडू माझ्या कडेला आला, आतली रेघ ओलांडून दोन रेघांच्या मध्ये शिरला. नाचियार्कोविलच्या सगळ्यांनी हात वर केले, "बाहेर! बाहेर!" मी मात्र त्या वीतभर पट्टीतून चेंडू रेटत धावलो आणि मध्ये मारला. अण्णानं त्याला डोकं लावलं. गोल!

मग जो गोंधळ झाला! मास्तरांनी खिशातून नियमांचं पुस्तक काढून मोठ्यानं वाचलं. रेघ मैदानाचाच भाग. चेंडू सगळाच्या सगळा, सगळ्या रेघेपलीकडे गेला तरच बाहेर. मग जमिनीवरून जावो की हवेतून.

"पण सर, रेघ कुठली? आतली का बाहेरची?"

पुस्तकात ते नव्हतं. मास्तर आत्याकडे वळले. "अम्मा, यातली तुमची रेघ कुठली?"

"दोन्ही मिळून एक," आत्या आमची घरची मराठी सोडून तमिळमधून म्हणाली. "एकटी रेघ ही रेघच नव्हे."

"मग चेंडू रेघेवरच होता. गोल!"

आम्ही नाचू लागलो. तेवढ्यात त्यांचा गोलकीपर मिशीवरची माती झटकत शांतपणे पुढे आला.

"मग सर, पहिल्या गोलाच्या वेळी चेंडू माझ्या पोटाखाली, दोन रेघांच्या मध्येच होता."

चेंडू कुठं थांबला होता ते मला पक्कं ठाऊक होतं. पण मी अभिनयात कमी नव्हतो. "छे! चांगला हातभर पलीकडे गेला होता!"

मास्तर त्या गोलकडे रेघा बघायला निघाले, मागून सगळी वरात. उत्तरार्धात तो गोल आमच्या गोलकीपरकडे होता, आणि तो पडला सोवळ्या अय्यंगारांच्या घरातला. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून तो सगळा वेळ हातभर पुढेच उभा राहिला होता. आतली रेघ फिसकटलेली. बाहेरची लख्ख, अखंड. घरंगळता चेंडू गेला असता तर ती पुसलीच असती.

"बघा, बघा!" आत्या आनंदानं ओरडली. "इतका दंगा करूनही माझी रेघ हलली नाही!"

सख्ख्या आत्यानं भाच्याचा गोल पुसला. सामना एक-एक बरोबरीत सुटला.

मी मान खाली घालून सायकलीकडे निघालो. अण्णा मागून आला. त्यानं हँडलची घंटा उगाच दोनदा वाजवली.

"गोल गेला तुझा."

"गेला. पण चेंडू बाहेर गेला का, अण्णा?"

त्यानं झाडाखाली बूट सोडत बसलेल्या मेव्हण्याकडे पाहिलं आणि मोठा सुस्कारा टाकला.

"नाही गेला. जागा तुझीच. पण घरी जाऊन वहिनीला तू सांगायचं. मी आज उशिरा येतो."