चष्मेवाल्याचं भाषण

चष्मेवाल्याचं भाषण चाळीस वर्षं तयार होतं. ज्याला ऐकवायचं, तोच सापडत नव्हता.

भाषण होतं रणगाड्यासाठी. रणगाडा म्हणजे चौथीच्या वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात रुंद मुलगा. चष्मेवाल्याला आठव्या वर्षी जाड काचांचा चष्मा लागला आणि वर्गाला आयता विषय मिळाला. ‘ढापण्या’ हे नाव रणगाड्यानेच ठेवलं. तेवढ्यावर भागलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण मधल्या सुट्टीत तो चष्मा हिसकायचा, उलटा नाकावर चढवायचा आणि चाचपडत भिंतीवर आपटण्याचं नाटक करायचा. वर्ग हसून गडाबडा लोळायचा. चष्मा मग कधी पाण्याच्या टाकीवर सापडे, कधी बाईंच्या छत्रीत. एका गुरुवारी तो रणगाड्याच्या बुटाखाली सापडला.

घरी त्याने ‘पडला’ म्हणून सांगितलं. वडिलांनी चिकटपट्टी लावून दिली. पुढच्या मोडतोडीला पट्टी त्याने स्वतःच लावली, त्याच्या पुढच्या वेळी तार वाकवून दांडी बसवली. दहावीपर्यंत हाताला अशी सफाई आली, की शेजारचे म्हातारे आपापले चष्मे घेऊन दारात उभे राहू लागले. पुढे रीतसर शिक्षण झालं, दुकान झालं, बायको आली.

“म्हणजे आपलं दुकान त्या रणगाड्याच्या कृपेनं चाललंय म्हणायचं,” बायको एकदा म्हणाली. त्यावर चष्मेवाला दोन दिवस नुसत्या मानेनं बोलत होता.

रणगाड्याची आणखी एक देणगी होती. कुणी आवाज चढवला, की चष्मेवाल्याचा उजवा हात आपण होऊन नाकाकडे जाई, चष्मा काढी आणि शर्टाच्या खिशात लपवी. लग्नात फोटोग्राफर जरा खेकसला. परिणामी, सगळ्या फोटोंत नवरदेव बिनचष्म्याचा आहे आणि बायकोऐवजी तिच्या मावशीकडे प्रेमाने बघतो आहे.

भाषण तो दाढी करताना म्हणत असे. विशीत त्याचा शेवट मुस्काटात मारून व्हायचा, तिशीत वकिलाच्या नोटिशीने. पन्नाशी उलटल्यावर त्याने शेवटी क्षमा घातली, कारण त्याहून जास्त झोंबणारं काही त्याला सुचलं नाही. सुरुवात मात्र कधी बदलली नाही: ‘तुला आठवत नसेल, पण मला आठवतं.’ न्हाणीघराचं दार पातळ असल्यामुळे बायकोलाही ते तोंडपाठ होतं. “आज ‘निर्लज्ज’ गाळलंत,” असं ती चहा देताना सांगायची.

आणि एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, रणगाडा स्वतःच्या पायांनी दुकानात आला.

चष्मेवाला तेव्हा एका आजीबाईंचे डोळे तपासत होता. दुकान चिंचोळं. तक्त्यासाठी हवं तेवढं अंतर मिळत नाही, म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता खुर्चीच्या मागे लावलेला आणि समोर आरसा. गिऱ्हाइकाने आरशात बघून वाचायचं. आजीबाई पाढे म्हटल्यासारख्या खणखणीत आवाजात अक्षरं वाचत होत्या. बाकावर येऊन बसलेला माणूस ठेंगणा, टकला, पोट सांभाळून बसणारा होता. आजीबाई उठल्यावर त्याने हाक मारली.

“काय ढापण्या! ओळखलंस का?”

चष्मेवाल्याच्या हातातलं भिंग खाली पडलं. रणगाड्याची उंची चौथीतच संपली होती, पण आवाज तोच होता. चाळीस वर्षांचं भाषण घशापर्यंत आलं, तिथे क्षणभर थांबलं, आणि चष्मेवाला म्हणाला,

“या ना. बसा.”

काउंटरमागे चष्मे पुसणाऱ्या बायकोने कपाळाला हात लावला.

“‘बसा’?” ती पुटपुटली. “अहो, निदान ‘बस’ तरी म्हणा!”

रणगाड्याचं काम साधं होतं. तो शाळेची बस चालवत होता. साठीला टेकलेल्या चालकांनी डोळे तपासल्याचा दाखला आणावा, असं शाळेने फर्मान काढलं होतं. “आपले डोळे गरुडाचे आहेत रे. तू नुसती सही ठोक, पोरं सुटायच्या वेळेला मला पोचायचंय.”

“तपासावं लागेल,” चष्मेवाला म्हणाला. आवाज जरा किरटा निघाला.

रणगाडा खुर्चीत बसला आणि सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळसुद्धा धडाधडा म्हणून मोकळा झाला. बायको बघतच राहिली. चष्मेवाल्याच्या डोक्यात मात्र चौथीचा वर्ग उभा राहिला. कविता म्हणायची वेळ यायची, तेव्हा रणगाड्याचा नंबर चष्मेवाल्याच्या पाठोपाठ असायचा. पुस्तक न उघडता, एकदाच ऐकून, तो ती जशीच्या तशी म्हणायचा आणि शाबासकी घ्यायचा. डोकं होतंच त्याला. फक्त ते त्याने कधी चांगल्या कामाला जुंपलं नाही.

चष्मेवाल्याने तक्ता फिरवला. मागच्या बाजूला नुसते आकडे होते.

“पुन्हा एकदा. वरून खाली.”

रणगाड्याने आरशात बघितलं आणि आकड्यांवरून पुन्हा तीच अक्षरं म्हणायला सुरुवात केली. त्याच ठसक्यात, आजीबाई जिथे खोकल्या तिथे थांबून.

बायकोने हातातलं फडकं तोंडात कोंबलं.

“तिथे आकडे आहेत,” चष्मेवाला म्हणाला.

खुर्ची करकरली. रणगाडा उठून त्याच्या अगदी पुढ्यात आला. “हे बघ ढापण्या. वीस वर्षं चालवतोय. एक ओरखडा नाही गाडीला. सही कर, उगाच शहाणपणा नको!”

आवाज चढला आणि चष्मेवाल्याचा उजवा हात नाकाकडे गेला. चष्मा निघाला आणि खिशात गेला. बायकोने डोळे मिटले. आता हा माणूस सही करणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

पण चष्मा काढल्यावर चष्मेवाल्याला समोरचं काही दिसेना. वटारलेले डोळे दिसेनात, आवळलेल्या मुठी दिसेनात. रणगाडा म्हणून जे काही होतं, ते धुक्यात ठेवलेल्या भोपळ्यासारखं दिसत होतं. भोपळ्याला काय घाबरायचं? आणि मग त्याला कळलं, की वीस पावलांवर रस्ता ओलांडणारं मूल या माणसाला असंच दिसतं.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“सही नाही. चष्मा कर, चष्मा लावून बस, मग सही.”

“मी? चष्मा?” भोपळा मागे सरकला. “अरे, पन्नास पोरं असतात बसमध्ये. हसतील मला!”

“हसतील ना. मला माहीत आहे.”

रस्त्यावर एक रिकामी हातगाडी खडखडत गेली. मग रणगाडा खुर्चीत जाऊन बसला, जरा जोरातच.

चष्मेवाल्याने आपला चष्मा लावला, तपासणीची जड, गोल चौकट रणगाड्याच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालत विचारू लागला, “हे बरं की ते बरं?” सहाव्या भिंगाला रणगाडा आरशात बघून दचकला.

“हा कोण म्हातारा?”

“तूच. दहा-बारा वर्षांपासून असाच आहेस. दिसत नव्हतं, एवढंच.”

बायकोने मान डोलावली. निदान ‘तू’वर तरी आले.

नवा चष्मा आठवड्याने तयार झाला. त्यानंतरच दाखल्यावर सही झाली. पुढच्या शनिवारी रणगाडा पुन्हा आला तो तोंड पाडून.

“कार्टी मला ‘दुर्बीण’ म्हणतात. एकाने काल मागून ओढायचा प्रयत्न केला.”

“खिशात ठेवू नकोस,” चष्मेवाला दांडीचा स्क्रू घट्ट करत म्हणाला. “सवय लागते.”

रणगाडा बराच वेळ काउंटरच्या काचेवर बोटाने रेघोट्या ओढत राहिला. त्याच काचेवर, जी बायकोने नुकतीच पुसली होती.

“ढापण्या, एक विचारू? तेव्हा… तुला राग यायचा का रे?”

काउंटरमागे बायकोने फडकं खाली ठेवलं, पदर सारखा केला आणि ती सरसावून बसली. ‘तुला आठवत नसेल, पण मला आठवतं’ हे तिच्याही ओठांवर आलं.

चष्मेवाल्याने स्क्रू नीट बसवला. चष्मा रणगाड्याच्या नाकावर ठेवला, कानामागे सरळ केला आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं.

“हो,” तो म्हणाला.

रणगाड्याने मान खाली घातली आणि चष्मा घसरल्यामुळे लगेच वर केली. “बरं,” एवढंच म्हणून तो बसकडे गेला.

दार लागताच बायको उसळली.

“एवढंच? नुसतं ‘हो’? अहो, माझं अर्धं आयुष्य गेलं ते भाषण ऐकण्यात!”