अक्कानं दिलेल्या लिव्हरवरचा व्रण

बायोप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांनी दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला. बायोप्सी म्हणजे बारीक सुई घालून लिव्हरचा, यकृताचा, शेवईएवढा तुकडा काढतात आणि तपासतात. ते म्हणाले, "हेपटायटिस सी परत आला आहे. नव्या लिव्हरला सूज आहे आणि फायब्रोसिस सुरू झालं आहे. स्टेज दोन." फायब्रोसिस म्हणजे व्रण. सुजून सुजून मऊ मांसाची जागा घट्ट धागे घेतात. चार स्टेज असतात. चौथी म्हणजे सिरोसिस, तिथून तर मी आलो होतो.

मला काहीच वाटलं नाही. खोलीतला पंखा आवाज करत होता, त्याचं बेअरिंग गेलंय एवढं कळलं.

शेजारच्या खुर्चीवर अक्का बसली होती. ते लिव्हर तिचं होतं.

बसवकल्याणात बसस्टँडच्या मागं माझं मोटार रिवाइंडिंगचं, जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. पोटात पाणी झालं, रक्ताची उलटी झाली, तेव्हा रोगाचं नाव कळलं. हा विषाणू रक्तातून येतो. माझ्यात कधी, कुठल्या सुईतून आला, ते शोधून सापडलं नाही. लिव्हर बदलायला हवं होतं. घरात सगळ्यांची तपासणी झाली आणि राजेश्वर गावी दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं जुळलं. तिचे सासरे आधी नको म्हणाले. ती म्हणाली, "भाऊ एकच हाय मला," आणि हैदराबादच्या गाडीत बसली. डॉक्टर म्हणाले, अर्ध्याहून जास्त कापून मला देतील, तिचं उरलेलं वाढून पुन्हा भरेल. तसंच झालं. तिचं भरलं.

आम्ही समजलो, जुनं लिव्हर गेलं म्हणजे रोगही गेला. विषाणू रक्तात राहतो, नव्या लिव्हरलाही धरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्हीच मनावर घेतलं नाही. निदान मला तरी कळायला हवं होतं. लाइनमध्ये दोष असला तर नवी कॉइलसुद्धा जळते, हे मी गिऱ्हाइकांना वीस वर्षं सांगत आलोय.

ऑपरेशननंतर दर दोन-चार दिवसांनी अक्काचा फोन यायचा. माझी चौकशी नंतर. आधी विचारायची, "माझा तुकडा कसा हाय?"

चौदाव्या महिन्यात एलएफटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीचे आकडे वर गेले. अक्का रविवारी सकाळी घरी आली. सोबत बरणीत हिरवा वाटलेला पाला. आमच्याकडं कावीळ झाली की दवाखान्याच्या आधी हा पाला घेतात. उपाशीपोटी, ताकातून, तीन रविवार. मीठ-तेल बंद. आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

मी म्हणालो, "अक्का, डॉक्टरला इचारावं लागंल."

"त्येला काय इचारायचं? माझंच हाय ते. त्याला काय लागतंय ते मला ठाव."

मी बरणी उघडली. प्यायलो. तिन्ही रविवार. आकडे आणखी चढले. हैदराबादला भरती केलं. रोज सकाळी नर्स, मग ज्युनिअर डॉक्टर, मग मोठे डॉक्टर विचारायचे, दुसरं काही औषध घेतलं का? मी रोज नाही म्हणायचो. खोटं बोलतोय असं वाटायचंही नाही. गुण जाऊ नये, एवढंच.

त्या दिवशी रिपोर्ट वाचून डॉक्टरांनी तेच विचारलं. "या सुजेत थोडं रिजेक्शनही असावं, असं वाटतं." रिजेक्शन म्हणजे शरीर परकं लिव्हर नाकारतं ते. "तसं असेल तर उद्यापासून स्टिरॉइड वाढवावं लागेल. पण त्यानं विषाणू फोफावेल. म्हणून शेवटचं विचारतो. बाहेरचं काही?"

मी मान हलवली. नाही.

अक्का उठून उभी राहिली. पदर नीट केला. "डॉक्टरसाब," ती म्हणाली, "मैंच पिलाई इसकू पत्ती. तीन इतवार."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. व्रण विषाणूचा आहे, पाल्याचा नाही. सूज थोडी पाल्यानंही असू शकते, किती ते मी सांगू शकत नाही. स्टिरॉइड वाढवणं थांबवतो." दहा दिवसांत आकडे निम्म्यावर आले.

पण अक्कानं त्यानंतर "माझा तुकडा" म्हणणं सोडलं.

मग विषाणू मारायचं इंटरफेरॉन सुरू झालं. आताच्या गोळ्या तेव्हा नव्हत्या. आठवड्याला एक सुई पोटावर, रोज रिबाव्हिरिनच्या कॅप्सूल, वर्षभर. बर्फाच्या थर्मासात सुया घेऊन मी हैदराबादहून हुमनाबादमार्गे यायचो. ताप, गळणारे केस, उतरलेलं रक्त. या औषधानं मन मरतं, हे आधीच सांगितलं होतं. खरं आहे. दुकानात मोटारीचं आर्मेचर हातात घेऊन मी तासभर बसायचो. पंचमीला अक्का माहेरी आली नाही, त्याचंही दुःख झालं नाही. फोन यायचा. "जेवलास का?" एवढंच, आणि ठेवायची. मला मरणाची भीती वाटत नव्हती. तिनं दिलेलं मी नासवलं, एवढंच डोक्यात एका जागी पडून होतं.

वर्ष संपलं. पुढं सहा महिन्यांनी पुन्हा रक्त, पुन्हा बायोप्सी. डॉक्टर म्हणाले, "विषाणू दिसत नाही. व्रण आहे तसाच आहे, स्टेज दोन. वाढला नाही." माझ्यासारखं सगळ्यांचं होत नाही, हेही म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल, तर एवढंच सांगतो. पाला, काढा, भस्म, जे घेतलं असेल ते डॉक्टरला सांगा. गुण गेला तर जाऊ द्या.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच मी अक्काला फोन लावला. "रिपोर्ट मिळाला," म्हणालो.  पलीकडं शेळी ओरडलेली ऐकू आली.

मग ती हळूच म्हणाली, "सिद्धू, माझा तुकडा कसा हाय रं?"

"बरा हाय अक्का," म्हणालो, आणि तिथंच खाली बसून रडलो. दोन वर्षांत पहिल्यांदा.