किंचाळ्यांचा संप

ऐर्लिस प्रोबर्टला नोकरीवरून काढलं तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती आणि तिचा हुद्दा होता भूत.

थट्टा नाही. आमच्या पोर्थ ग्विलनच्या किनाऱ्यावर, पाळण्यांच्या मैदानात भुतांची गाडी होती. तिथल्या काळोखात उभं राहून लोकांना घाबरवायचं, हे तिचं काम. मी त्याच गाडीच्या तिकीट-खिडकीत बसायचे, त्यामुळे पुढे जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

ऐर्लिस मूळची वरच्या खोऱ्यातली, खाणकामगाराची मुलगी. लग्न होऊन इथे आली आणि चार वर्षांत विधवा झाली. मग तिनं मैदानात झाडलोटीचं काम धरलं. गाडीचा मालक हेडन ग्विदर तेव्हा तरुण होता. एकदा ती आत रुळांजवळ फरशी पुसत असताना कुणीतरी चुकून गाडी सुरू केली. डबा अंगावर येताना बघून ही भिंतीला चिकटली, आणि हातातलं ओलं फडकं डब्यातल्या एका गृहस्थाच्या तोंडावर बसलं. त्याची किंचाळी म्हणे धक्क्याच्या टोकापर्यंत ऐकू गेली. हेडननं आधी कपाळावर हात मारला, मग बाहेर पाहिलं, तर रांग दुप्पट झालेली. दुसऱ्या दिवशी झाडलोटीला दुसरी बाई आली.

फडक्याचं पुढे तिनं शेवाळ केलं. रोज सकाळी ओहोटीच्या वेळी खडकांवर जाऊन ती ताजं, थंडगार, बुळबुळीत शेवाळ बादलीभर आणायची आणि काळोखात लोकांच्या मानेवरून फिरवायची. कुणाला किती घाबरवायचं ते तिचं तीच ठरवायची. मोठ्यामोठ्यानं हसत येणाऱ्यांच्या सदऱ्यात ती आख्खा गोळा सोडायची. एखादं पोर खरंच घाबरून हुंदके देत असेल, तर नुसता डोक्यावर हात ठेवून कानात म्हणायची, "झालंच हं कारियाद, आता उजेड येईल." कारियाद हा आमच्याकडचा लाडाचा शब्द. कित्येक पोरं बाहेर येऊन आईला सांगायची की आतलं भूत फार चांगलं आहे.

चॅपलच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, वडीलधाऱ्यांना हे पटेना. तिघेजण काळे कोट घालून तिच्या घरी गेले. रविवारी चॅपलात गाणाऱ्या बाईनं आठवडाभर भूत व्हावं हे शोभत नाही, असं त्यांनी सांगितलं. तिनं त्यांना चहा दिला, केक दिला आणि म्हणाली, "पवित्र आत्म्यावर तुमची श्रद्धा आहे ना? मग माझ्यासारख्या साध्या आत्म्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" तिघेही केक अर्धवट टाकून गेले. रविवारी ती नेहमीच्या जागेवर, पहिल्या रांगेत उभी राहून गायली. कुणी तिला हलवलं नाही.

अशी पंचवीसेक वर्षं गेली. मग हेडनच्या छातीनं दगा दिला. तो अंथरुणाला खिळला आणि मैदानाचा कारभार त्याच्या मुलाकडे, रॉयस्टनकडे आला. रॉयस्टन बरीच वर्षं इंग्लंडात होता. वाईट मुलगा नव्हता, पण घाईत असायचा. ईस्टरच्या आधी त्यानं एका मोठ्या खोक्यातून सांगाडा आणला. वाऱ्याच्या दाबानं तो भिंतीतून टुणकन बाहेर यायचा, डोळे लाल व्हायचे, भोंगा वाजायचा आणि टेपवर कुणीतरी खदाखदा हसायचं.

त्यानं ऐर्लिसला माझ्या खिडकीपाशीच गाठलं.

"मिसेस प्रोबर्ट, तुम्ही खूप केलंत आमच्यासाठी. पण आता लोकांना नवीन काहीतरी हवं असतं. शिवाय तुमचं वय. काळोखात पडलात बिडलात तर?"

"इतक्या वर्षांत एकदा तरी पडले का?"

"तसं नव्हे हो. भूत म्हणून आता... म्हणजे या वयात..."

"भुताला वय असतं का रे, रॉयस्टन? वय वाढलं की भूत जास्त चांगलं होतं, असं मी आजवर समजत होते."

मी हसू दाबलं. रॉयस्टनचे कान लाल झाले. तो म्हणाला, "चहाच्या टपरीवर जागा आहे. बसून काम. आजपासूनच या."

"चहा मी घरी करते," ती म्हणाली. "तान्हा होतास तेव्हा तुझ्या लंगोटाच्या पिना तोंडात धरून मी तुला गप्प केलंय. मला टपरी दाखवू नकोस." तिनं बादली उचलली आणि ती मान ताठ ठेवून निघून गेली.

मला वाटलं, संपलं. पण शनिवारी खिडकीसमोर ती उभी. रविवारचा कोट, डोक्यावर हॅट, काखेत विणकामाची पिशवी.

"एक तिकीट दे, नेस्टा."

"आंटी ऐर्लिस, तुम्हाला कशाला..."

"गिऱ्हाईक आहे मी. तिकीट दे."

आमच्या गाडीची एक गंमत होती. डबा आत काळोखात फिरता फिरता मध्येच एक दार धाडकन उघडायचं आणि तो वरच्या सज्ज्यावर उजेडात यायचा. रांगेतल्या लोकांना आतल्यांची पांढरीफटक तोंडं दिसायची, त्यांच्या किंचाळ्या ऐकू यायच्या, की लगेच दुसऱ्या दारातून डबा पुन्हा आत. सगळी जाहिरात तीच. त्या दिवशी दार उघडलं, भोंगा केकाटला, आणि सज्ज्यावर आली ऐर्लिस. मांडीवर करड्या लोकरीचा मोजा, सुया चाललेल्या. तिनं खाली रांगेकडे पाहिलं, लांबलचक जांभई दिली आणि टाके मोजत आत गेली.

रांग खो खो हसली. दोन पोरं "चल, पाळण्यात बसू" म्हणत बाजूला झाली.

ती पुन्हा आली, पुन्हा बसली. त्या दिवशी मोज्याची टाच झाली. पुढच्या शनिवारी थर्मासमधून चहा ओतत सज्ज्यावर आली. मे अखेरच्या व्हिटसनच्या सुट्टीपर्यंत तर काही लोक फक्त तिला बघायला खाली उभे राहायचे, चिप्स खात. बघायला अर्थातच तिकीट लागत नव्हतं.

रॉयस्टन खिडकीत डोकं घालून मला म्हणाला, "त्या बाईला यापुढे तिकीट द्यायचं नाही."

"कारण काय सांगू? घाबरत नाही म्हणून?"

"काय वाटेल ते सांग!"

"तूच सांग," मी म्हटलं. "मी तिकीट विकायला बसलेय, माणसं हाकलायला नाही."

त्यानं दारावर एक धिप्पाड माणूस उभा केला. ऐर्लिस त्याच्याशी भांडली नाही. समोरच्या बाकावर, गाडीच्या बरोबर तोंडाशी बसली आणि विणू लागली. बाक नगरपालिकेचा, तिथून तिला कोण उठवणार? पाऊस आला की छत्री उघडायची. कुणी विचारलं, "काय चाललंय?" तर सांगायची, "माझी जागा राखतेय."

मी एकदा मधल्या सुट्टीत कालवं घेऊन तिच्याशेजारी बसले. म्हटलं, "आंटी, मन दुखतं का हो?"

तिनं गाडीकडे मान वळवली. मग म्हणाली, "ऐक." आतून टेपवरचं ते खदाखदा हसणं येत होतं. "प्रत्येकाला एकसारखंच हसतं मेलं. मघाशी एक पोर रडत बाहेर आलं, पाहिलंस? त्याला कुणी काही बोललंच नसणार आत." तिच्या सुया थांबल्या होत्या. "मन दुखत नाही गं. राग येतो. आणि राग येतोय तोवर मी ठीक आहे."

जुलै संपता संपता खोऱ्यातल्या खाणी पंधरा दिवस बंद व्हायच्या आणि आख्खं खोरं आमच्या किनाऱ्यावर उतरायचं. गल्लीतली शेजारीण इथेही शेजारच्याच कॅरव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात. त्यात गेथिन असायचा, दाराएवढा रुंद माणूस, खाणीतल्या युनियनचं काम करणारा. दर वर्षी तो बायको, पोरं, मेहुणे असा गोतावळा घेऊन पहिल्या दिवशी भुतांच्या गाडीत बसायचा. त्या वर्षी बसला, बाहेर आला आणि थेट खिडकीशी.

"काय गं नेस्टा, आमचं भूत कुठाय? तो खडखडणारा हाडांचा गठ्ठा कसला बसवलाय?"

मी बाकाकडे बोट दाखवलं.

गेथिन तिच्यासमोर टोपी काढून उभा राहिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आम्ही त्या पोराशी बोलतो. दहाजण गेलो की..."

"काही बोलायचं नाही," ऐर्लिस म्हणाली. "धाकदपटशा नको आणि माझी कीवही नको. हेडन इथेच वरच्या घरात आजारी आहे, त्याच्या दारात आरडाओरडा मला चालणार नाही."

"मग हातावर हात ठेवून बसायचं?"

"हो," ती म्हणाली. "अगदी तेच. तिकीट काढा, आत बसा, हाताची घडी घाला आणि तोंड उघडू नका. एक किंचाळी नको त्या पोराला."

 गेथिनचे खांदे हसून हलायला लागले. "संप!" तो म्हणाला. "किंचाळ्यांचा संप! अहो आंटी, तुम्ही खाणीत असतात तर मालकांचं काही खरं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत बातमी सगळ्या कॅरव्हॅनमधून फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी रांग मैदानाच्या फाटकापर्यंत. रॉयस्टन खुशीत, तळहात चोळतोय. मग पहिला डबा सज्ज्यावर आला. भोंगा केकाटतोय, आणि डब्यात चार माणसं हाताची घडी घालून, लांबलचक प्रवचन ऐकायला बसल्यासारखी. दुसऱ्या डब्यात तेच. तिसऱ्यात गेथिनची सासू डोळे मिटून. पोरांची तोंडं बंद राहावीत म्हणून आयांनी त्यांच्या गालांत टॉफी कोंबलेल्या. एका बाईला हसू आवरेना, तर ती नवऱ्याची बाही दातांत धरून सज्ज्यावरून गेली. पण आवाज? नाही.

"बसू देत," रॉयस्टन मला म्हणाला. "तिकिटं तर काढतायत."

पण खोऱ्यातली माणसं एकेकदा बसून झाली, आणि बाकीचे येईनात. ज्या गाडीतून माणसं पेंगत बाहेर येतात तिच्यात कोण बसणार? इंग्लंडातून बोटीनं येणारे पाहुणे सज्ज्याकडे एकदा बघायचे आणि घसरगुंडीकडे वळायचे. दुपारपर्यंत मैदानभर गर्दी आणि आमच्यापुढे रिकामी जागा. आत सांगाडा एकटाच उड्या मारतोय आणि टेप एकटीच हसतेय.

असे काही दिवस गेले. आपण किंचाळलो नाही, हे सांगायला पोरं एकमेकांत शर्यत लावू लागली. शेवटी एका दुपारी, सगळ्या किनाऱ्यासमक्ष, रॉयस्टन बाकापाशी गेला.

"काय हवंय तुम्हाला?"

ऐर्लिसनं ओळ पुरी विणली, मग वर पाहिलं. "माझी जागा. शिवाय आत एक खुर्ची, कारण गुडघे माझे आहेत, भुताचे नाहीत. आणि तो भोंगा बंद. भोंग्यात मला कोण रडतंय ते ऐकू येत नाही."

"सांगाडा काढणार नाही. नवा आहे तो."

"राहू दे की. तो तरी उलट बोलत नाही."

"आणि मी माफी मागायची असेल ना?"

"ती नको. ती तुझ्या तोंडून नीट येणार नाही आणि मला पुन्हा राग येईल."

मागे कुणीतरी टाळी वाजवली. गेथिननं डोळे वटारून त्याला गप्प केलं. रॉयस्टन खाली बघून म्हणाला, "उद्यापासून या."

"आत्तापासून," ती म्हणाली आणि उठली.

पहिल्या डब्यात गेथिन बसला. सज्ज्याचं दार उघडलं तेव्हा त्याचे दोन्ही हात मानेवर होते आणि तो खाणीच्या भोंग्यासारखा ओरडत होता. नंतर शपथेवर सांगायचा, ते मुद्दाम केलं होतं. त्याच्या बायकोनं मला सांगितलं, मुद्दाम नव्हतं.

रॉयस्टन आणि ऐर्लिस यांचं मन काही कधी जुळलं नाही. काही सांगायचं असलं की दोघंही माझ्या खिडकीत येऊन सांगायचे, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. हेडनच्या अंत्ययात्रेत मात्र ती रॉयस्टनच्या शेजारी चालली आणि कबरीपाशी त्याचा हात धरून तिनं भजन म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून दोघं पुन्हा माझ्या खिडकीत.

सत्तरी जवळ आली तेव्हा तिनं स्वतःच काम सोडलं. कुणी सुचवलं नव्हतं. कुणाची हिंमतच नव्हती.

आता ती ऐंशीच्या पुढे आहे, टेकडीवरच्या म्हाताऱ्यांच्या घरात राहते. गेल्या महिन्यात तिथल्या व्यवस्थापिकेनं नियम काढला, की वाऱ्याच्या दिवशी कुणी एकट्यानं किनाऱ्यावर जायचं नाही. आमच्याकडे बिनवाऱ्याचा दिवस असतो कुठे? ऐर्लिस रोज सकाळी कोट चढवून दारात उभी राहते आणि व्यवस्थापिकेला म्हणते, "एकट्यानं नको ना? मग चल माझ्याबरोबर." ती बिचारी पहिल्या दिवशी गेली होती. आता नुसतं दार उघडून देते.